पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या आणि बिघडणारं मन : खानदेशातल्या बायका-मुली नेहमी विचारतात ते प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दवाखान्यांत डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि लगेच पुढचा पेशंट आत जातो. उरलेले प्रश्न बाहेरच्या बाकावर येतात. समुपदेशक म्हणून माझं काम त्या बाकावरचंच. तिथे पाळीच्या तारखा सगळ्या जणी धडाधड सांगतात, पण चिडचिड, रडू, झोप उडणं हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. त्याला आजार म्हणायचं की नखरे, हे घरात आधीच ठरलेलं असतं. मी ते पाळीच्या तारखेइतकंच गांभीर्याने लिहून घेते, आणि गोळी निवडताना डॉक्टरांनीही घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. खालची उत्तरं तपासणीच्या ऐवजी नाहीत. आत गेल्यावर काय विचारायचं, ते त्यांतून कळेल.

पाळी दर महिन्याला त्याच तारखेला यायला हवी का?

नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजा. हे अंतर २१ ते ३५ दिवसांत बसत असेल तर तारीख मागेपुढे होते म्हणून गोळ्या घ्यायची गरज नाही. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं.

तीन महिने पाळीच नाही, महिन्यातून दोनदा येते, आठ दिवसांच्या वर लांबते, किंवा तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, तर मात्र दाखवा. गोळी सुरू होण्याआधी गरोदरपणाची चाचणी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड एवढं तरी व्हायला हवं. डॉक्टरांना गरज वाटली तर प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) आणि सोनोग्राफी. थायरॉईड कमी पडलं की पाळी बिघडते, अंग जड होतं आणि मनही मरगळतं. अशा बाईला नुसती पाळीची गोळी दिली तर तारीख जुळते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. अंगावरून फार जाऊन रक्त कमी झालेली बाईसुद्धा दिवसभर थकलेली आणि चिडलेली असते, तिला आधी लोहाची गरज असते.

माझी पोरगी अकरावीला आहे. डॉक्टरांनी तिला मुलं न होण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. लग्नाआधी हे कसं चालेल?

चालतं. गोळी तीच, कारण वेगळं. एकत्रित गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन्स असतात. ती बीजकोशाला थोपवून धरतात आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ ठेवतात. त्यामुळे गर्भही राहत नाही, रक्तही कमी जातं, पोटही कमी दुखतं. पीसीओडी (बीजकोशाचं काम बिघडून पाळी लांबणं) असलेल्या मुलींना, पाळीत अंथरुणाला खिळणाऱ्यांना, चेहऱ्यावर फार पुरळ आणि केस येणाऱ्यांना डॉक्टर हीच गोळी देतात.

पुढे मूल होणार नाही ही भीती मात्र सोडून द्या. गोळी थांबवली की बहुतेकींमध्ये बीज बनणं लवकरच पूर्ववत होतं. ज्यांना गोळीआधीच पीसीओडी होतं त्यांना नंतर अडचण येऊ शकते, पण ती पीसीओडीची.

एक विनंती. पाकीट लपवून ठेवायला लावू नका. लपवलेली गोळी चुकते. आणि आत्याबाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं तर काय सांगायचं, ते मायलेकींनी आधीच ठरवून ठेवा. "पाळीचं औषध आहे" एवढं पुरतं.

सहा महिने गोळ्या घेतल्या, पाळी घड्याळासारखी आली. बंद केल्या आणि पुन्हा तेच. मग उपयोग काय झाला?

गोळीवर असताना येतं ते रक्त खऱ्या अर्थाने पाळीचं नसतं. हार्मोनच्या गोळ्या संपल्यावर चार-सात दिवस खंड पडतो, त्या खंडात अस्तर गळतं. म्हणजे तारीख तुमच्या शरीराने ठरवलेली नसून पाकिटाने ठरवलेली असते. उपयोग आहेच: रक्त वाचतं, दुखणं थांबतं, आणि पीसीओडीत महिनोन्‌महिने साचून जाड होणारं अस्तर वेळेवर पडतं. पण मूळ कारण थायरॉईडचं असो, वजनाचं असो की ताणाचं, त्यावर वेगळे उपाय करावे लागतात. पीसीओडीत वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी आपोआप सुधारते.

उगाच रडू येस, जीव घाबरस. हाई गोयीमुये शे का?

असू शकतं. "गोळीचा मनाशी काही संबंध नाही" असं कोणी उडवून लावलं तर ते बरोबर नाही, आणि "गोळी घेतली की वेड लागतं" हे तर अजिबातच नाही.

डेन्मार्कमध्ये १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्मोनची गर्भनिरोधकं न वापरणाऱ्या १०० जणींमागे वर्षाला साधारण १.७ जणींना पहिल्यांदा नैराश्यावरचं औषध सुरू झालं होतं, वापरणाऱ्यांमध्ये २.२ जणींना. म्हणजे दोनशे जणींमागे वर्षाला एखादी जास्त. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये हा फरक अधिक ठळक होता. अशा नोंदींवरून गोळीनेच हे झालं असं सिद्ध होत नाही, कारण गोळी घेणाऱ्यांचं आयुष्यही न घेणाऱ्यांपेक्षा वेगळं असू शकतं.

त्याच्या पुढच्या वर्षी स्वीडनमधून वेगळ्या पद्धतीचा अभ्यास आला. ३४० बायकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून तीन महिने लिव्होनॉर्जेस्ट्रेल या प्रोजेस्टिनची एकत्रित गोळी दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. खऱ्या गोळीवाल्यांना आपण थोडं कमी बरे आहोत असं वाटलं, उत्साह घटला; पण नैराश्याची लक्षणं मात्र वाढलेली दिसली नाहीत.

यातून मी घेते ते असं : बहुसंख्य बायकांना मनाचा काही त्रास होत नाही, काहींना तर पाळीआधीची चिडचिड थांबल्यामुळे बरंच वाटतं, आणि थोड्या जणींना खरोखर त्रास होतो. तुम्ही त्या थोड्यांपैकी असाल तर आकडेवारी सांगून तुम्हाला गप्प बसवण्यात अर्थ नाही. मुलगी विशीच्या आतली असेल तर घरच्यांनी पहिले काही महिने जरा लक्ष ठेवावं.

चिडचिड गोळीमुळे, पाळीमुळे की घरातल्या कटकटीमुळे, हे ओळखायचं कसं?

लिहून. दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर गेल्या महिन्यातला मंगळवार कोणालाच आठवत नाही.

जमलं तर गोळी सुरू करण्याआधी एक-दोन महिने आणि सुरू केल्यावर तीन महिने रोज रात्री एक अक्षर लिहा. यावलकडच्या एका ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारीच, खुणा केल्या होत्या : रडू आलं तर 'र', चिडचिड झाली तर 'च', झोप नाही तर 'झ', आणि रक्त गेलं त्या दिवशी लाल ठिपका. दुधाचे लिटर आणि रडण्याचे दिवस एकाच चौकोनात! पण पानं उलटली तेव्हा डॉक्टरांना सगळं दिसलं. 'र' आणि 'च' जवळजवळ सगळे पाकिटातल्या शेवटच्या सात दिवसांत होते, म्हणजे हार्मोन नसलेल्या गोळ्यांच्या आठवड्यात. त्यांना गोळी बंद करायची गरजच नव्हती, खंड कमी असलेलं पाकीट हवं होतं.

साधारण असं वाचा. त्रास पाळीआधीच्या आठवड्यात येतो आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ओसरतो, तर तो पाळीच्या चक्राचा. गोळी सुरू केल्यावर पहिल्यांदाच आला आणि सगळा महिनाभर सारखा राहिला, तर गोळीवर संशय घ्या. गोळीच्या आधीपासून महिनाभर आहेच, तर नैराश्य, थायरॉईड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं हे सगळं तपासायला हवं. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत, सासू आजारी असताना, कर्जाचा हप्ता थकलेला असताना जर मन खचलं, तर तेही वहीत लिहा. हार्मोनवर सगळं ढकलणं सोपं असतं, विशेषतः घरातल्या इतरांना.

पाळीआधी आठवडाभर मी मीच राहत नाही. पोरांवर हात उगारते, नंतर रडत बसते. याला काही नाव आहे का?

आहे. पाळीआधीचा हा त्रास रोजचं काम आणि नाती बिघडवण्याइतका तीव्र असेल तर त्याला पीएमडीडी म्हणतात, आणि मानसोपचाराच्या पुस्तकात त्याची स्वतंत्र नोंद आहे. निदानासाठी किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते.

यावर दोन मार्ग आहेत. एक, नैराश्यावर देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या. काहींना त्या फक्त पाळीआधीचे पंधरा दिवस घेऊनही चालतात. दुसरा, ड्रॉस्पिरेनोन हे प्रोजेस्टिन असलेली एकत्रित गोळी, २४ दिवस हार्मोन आणि फक्त ४ दिवस खंड. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली तिला याच आजारासाठी मान्यता दिली. म्हणजे हार्मोनची गोळी मन बिघडवतेच असं नाही, योग्य बाईला योग्य गोळी मिळाली तर सुधारतेही.

मग माझ्यासाठी कोणती?

पाळी का बिघडली आणि मनाचा आधीचा इतिहास काय, या दोन गोष्टींवर ठरतं. शेजारणीला लागू पडली म्हणून तुम्ही घेऊ नका.

*माला-एन.* उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, आशाताईंकडेही मिळते. लिव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम अशा २१ गोळ्या, आणि वेगळ्या रंगाच्या लोहाच्या ७. लोक हिला कमी समजतात, पण हे जुनं, भरपूर अनुभवाचं औषध आहे. रक्ताच्या गाठीचा धोका ड्रॉस्पिरेनोनच्या गोळीपेक्षा हिच्यात कमी. पाळी नुसती लांबते आणि मनाची तक्रार नाही, तर इथून सुरुवात करायला माझी काही हरकत नसते.

*ड्रॉस्पिरेनोनच्या गोळ्या.* पाळीआधी अंग फुगणं, चिडचिड, पुरळ असेल तर डॉक्टर या देतात. महाग आहेत. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

*नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्या.* अंगावर पाजणाऱ्या, इस्ट्रोजेन न चालणाऱ्या बायकांसाठी. पाळी नियमित करायला त्या फारशा उपयोगी नाहीत, मध्येमध्ये डाग लागतात.

*अंतरा.* तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात मोफत. रोज आठवण ठेवायला नको आणि घरात पाकीटही दिसत नाही, हा मोठा फायदा. पण सुरुवातीला रक्तस्राव अनियमित होतो, पुढे पुष्कळदा पाळी बंदच होते, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. मनाच्या दृष्टीने माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे : दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. पूर्वी कधी नैराश्य आलं असेल, बाळंतपणानंतर मन फार खचलं असेल, तर ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी थांबवता येईल अशा गोष्टीपासून सुरू केलेलं बरं.

*हार्मोनची तांबी.* गर्भाशयात बसवतात, ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉर्जेस्ट्रेल वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटतं. अंगावरून फार जाणाऱ्या चाळिशीतल्या बायकांना हिचा फार उपयोग होतो. आपल्याकडे "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला फार लवकर दिला जातो. त्याआधी हिच्याबद्दल विचारा, आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड, मेफेनॅमिक ॲसिड या बिनहार्मोनच्या गोळ्यांबद्दलही. तांबी पोटात असली तरी थोडं हार्मोन रक्तात जातं, त्यामुळे मनावर शून्य परिणाम असं समजू नये. साधी कॉपर-टी बिनहार्मोनची, पण तिने रक्तस्राव वाढू शकतो.

*छाया.* लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. गर्भनिरोधक म्हणून चांगली, पण पाळी नियमित करण्यासाठी नाही. उलट काहींची पाळी हिने लांबते, आणि पीसीओडी असेल तर ही घेऊ नये.

एकत्रित गोळी कोणी घेऊ नये?

पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेल्यांनी. रक्तदाब वाढलेला असेल त्यांनी. पस्तिशीपुढे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठते त्यांनी. स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा मोठा आजार असलेल्यांनी. आणि बाळंतपणानंतर पहिल्या सहा आठवड्यांत कोणीच. बाळ अंगावर पीत असेल तर सहा महिने थांबणंच ठीक. म्हणून गोळी लिहिण्याआधी रक्तदाब मोजला नसेल तर स्वतः सांगून मोजून घ्या.

नंदुरबार आणि चोपडा-रावेरकडच्या सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तुमच्याकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर ते पहिल्यांदा टेबलावर ठेवा. आजार असलेल्यांमध्ये मुळातच गाठीचा धोका जास्त असतो, त्यामुळे डॉक्टर बहुधा इस्ट्रोजेन टाळतील.

बाकीच्यांनी घाबरून जाऊ नये. दहा हजार बायकांमागे वर्षाला, गोळी न घेता आणि गरोदर नसताना १ ते ५ जणींना गाठ होते, गोळीवर ३ ते ९, गरोदरपणात ५ ते २०. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा कधी नव्हे असं डोकं ठणकलं, तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

माझ्या मनाच्या गोळ्या आधीच चालू आहेत. दोन्ही एकत्र चालतात का?

फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांच्याबरोबर सहसा चालतात. लॅमोट्रिजिन चालू असेल तर मात्र जपून. एकत्रित गोळीने त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यापर्यंत उतरू शकतं, मग फिट किंवा मनाचा आजार उसळतो. उलट कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन आणि क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन गर्भनिरोधक गोळीचीच ताकद कमी करतात. व्हॅल्प्रोएट घेत असाल आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांशी लगेच बोला, ते गर्भाला घातक आहे. पण आपल्या मनाने बंद करू नका. आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. स्त्रीरोगतज्ज्ञांपासून मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी लपवली जाते, हे मी फार पाहते.

कानबाईच्या वेळी पाळी पुढे ढकलायला गोळ्या घेते. त्याने मन बिघडतं का?

श्रावणात आमच्याकडे कानबाई ही देवी बसते, रोटांचं पीठ दळून होतं, आणि तारीख जवळ आली की औषधाच्या दुकानात गर्दी. चैत्रात वणीला पायी निघायच्या आधी तेच. त्या गोळ्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असतात. डॉक्टर त्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून सुरू करायला सांगतात, थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. काहींना त्या दिवसांत फुगल्यासारखं, उदास वाटतं, ते थांबवल्यावर जातं. या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून धरू नका, आणि गाठीचा इतिहास असेल तर दुकानातून परस्पर घेऊ नका. वर्षातून एखाद्या वेळी डॉक्टरांना विचारून घेतल्या तर ठीक. श्रावण, नवरात्र, लग्नसराई, पुन्हा अक्षय्य तृतीया असं चाललं असेल तर मग पाळी अनियमित का झाली, हा प्रश्न मला विचारू नका. मला विचाराल तर देवीला पाळीचं वावडं नाही, पण ते घरात ज्याचं त्याने ठरवावं.

आणि ७२ तासांच्या आत घेतात ती गोळी?

ती अडीअडचणीची, असुरक्षित संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून. पाळी नियमित करायला तिचा उपयोग नाही, उलट वारंवार घेतल्याने चक्र विस्कटतं.

गोळी विसरले तर?

एक विसरली तर आठवेल तेव्हा घ्या, पुढची नेहमीच्या वेळेला, एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्या, पाकीट चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर लोहाच्या गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू करा. रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला गोळी जोडली की चुकत नाही, रात्रीची भांडी झाली की गोळी.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात वरच्या फळीवर किंवा टीव्हीवर पाकीट ठेवू नका, माठाच्या बाजूच्या थंड भिंतीशी कोरड्या डब्यात ठेवा.

त्रास होतोय, पण डॉक्टर म्हणतात तीन महिने थांबा. किती थांबायचं?

मळमळ, स्तन दुखणं, मध्येच डाग लागणं, थोडी चिडचिड, हे पहिल्या दोन-तीन पाकिटांत बहुधा निवळतं, त्यासाठी थांबणं बरोबर आहे. कशातच मन न लागणं, रोज रडणं, झोप-जेवण सुटणं हे दोन आठवडे चाललं तर तीन महिन्यांची वाट पाहू नका, लवकर दाखवा. आणि मरणाचे विचार आले तर एक दिवसही नाही. घरात कोणाला तरी सांगा, एकटं राहू नका आणि १४४१६ या टेली-मानसच्या नंबरावर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे मानसोपचार विभागात जाता येतं.

गोळी मध्येच थांबवली तर अंगाला अपाय होत नाही. दोन-चार दिवसांत रक्त जाईल, आणि गर्भनिरोधाचं संरक्षण संपेल, एवढं लक्षात ठेवा. थांबवली हे डॉक्टरांना कळवा, नाहीतर पुढच्या भेटीत तेच औषध पुन्हा लिहिलं जातं.

गोळीने वजन वाढतं का?

एकत्रित गोळीने फारसं नाही, सुरुवातीला थोडं पाणी धरतं. अंतरा इंजेक्शनने काहींचं वाढतं.

दुकानदार म्हणतो ती कंपनी संपली, दुसरी घ्या, सगळं एकच असतं. घेऊ का?

मागची बाजू वाचा. कंपनी वेगळी असली तरी चालेल, पण दोन्ही हार्मोन्सची नावं, मिलिग्रॅम आणि गोळ्यांची संख्या तीच हवी. २४ आणि ४ चं पाकीट चालू असताना २१ गोळ्यांचं दिलं तर खंड वाढतो, आणि ज्यांचं मन त्या खंडातच बिघडतं त्यांना ते नेमकं जाणवतं. अक्षर बारीक असतं, म्हणून रिकामं पाकीट फेकून देऊ नका, पुढच्या वेळी दुकानात तेच दाखवा.